लॅपटॉप विकला, हाती काय उरले?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे संगणक विकणाऱ्यांच्या आटत्या नफ्याच्या एकाच दुखण्याची होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्या वाचकाने आपला वर्षाचा हिशेब न लपवता सोबत जोडला होता.

प्रश्न : सांगलीत विश्रामबाग भागात माझे संगणक विक्री आणि दुरुस्तीचे दुकान आहे. २००४ मध्ये सुरुवात केली तेव्हा असेंबल्ड मशीनचा जमाना होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, इथे जोडायचे आणि एका मशीनमागे तीन-चार हजार रुपये सुटायचे. आता ब्रँडेड लॅपटॉपवर तीन-साडेतीन टक्के मिळाले तरी दिवस बरा गेला म्हणायचे. गिऱ्हाईक काउंटरवर उभे राहून मोबाइलवर ऑनलाइनचा भाव दाखवते आणि त्याच भावात बॅग व माउस फुकट मागते. गेल्या वर्षी मालाची विक्री सुमारे ९० लाखांची झाली आणि दुरुस्ती, रिफिलिंग, फॉरमॅट वगैरेचे ७ लाख आले. दोन मुले कामाला आहेत, बँकेचे १० लाखांचे कॅश क्रेडिट (लागेल तसे उचलायचे कर्ज) कायम पूर्ण उचललेले असते, आणि सगळे जाऊन घरात जे येते ते सांगायला संकोच वाटतो. मुलगा इंजिनिअर झाला असून दुकानात येऊ म्हणतो. बँक मर्यादा आणखी १५ लाखांनी वाढवायला तयार आहे. त्या पैशात मोबाइल आणि एलईडी टीव्ही ठेवावेत, सीसीटीव्हीत उतरावे, की सोलरची एजन्सी घ्यावी? नवीन काही जोडल्याशिवाय दुकान टिकणार नाही, एवढे मला कळते.
एक व्यावसायिक, सांगली

उत्तर : नवीन काही जोडावे लागेल हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ते दुकानाच्या फळीवर जोडायचे की आज जे गिऱ्हाईक तुमच्याकडे येते त्याच्या खात्यात जोडायचे, हा प्रश्न तुम्ही स्वतःला अजून विचारलेला दिसत नाही. तुम्ही विचारलेले तिन्ही पर्याय फळीवरचे आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे वळण्याआधी आपण एका लॅपटॉपचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत करून पाहू.

धरून चालू की डिस्ट्रिब्युटरकडून लॅपटॉप तुम्हाला ४२,००० रुपयांना पडला. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर तुमच्या खिशातून ४९,५६० रुपये गेले. तो ४५ दिवस दुकानात राहिला आणि कॅश क्रेडिटचा दर १२ टक्के असला, तर त्या दिवसांचे व्याज ७३३ रुपये होते. मग तो तुम्ही ४३,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५१,३३० रुपयांना विकला आणि गिऱ्हाइकाने कार्ड स्वाइप केले. बँकेने दीड टक्का कापला, ते ७७० रुपये. तुमचे मार्जिन १,५०० आणि खर्च १,५०३. बॅग, माउस, विंडोज चालू करून देण्यात गेलेला कामावरच्या मुलाचा तास आणि आठ दिवसांनी 'वायफाय लागत नाही' म्हणून आलेला फोन यांतले काहीही न धरता तुम्ही तीन रुपये पदरचे घालून तो लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या हाती दिला आहे. माल पंधरा दिवसांत निघाला आणि पैसे रोख किंवा यूपीआयने आले, तर त्याच लॅपटॉपवर तुम्हाला साडेबाराशेच्या वर सुटतात. म्हणजे मार्जिन तीन टक्के की चार टक्के यापेक्षा तो माल किती दिवस पडून राहिला याने तुमचे नशीब ठरते, आणि तुम्ही मात्र आजही नफा नगामागे मोजत आहात. तो अडकलेल्या रुपयामागे मोजला पाहिजे.

तिमाहीअखेर टार्गेट पूर्ण केल्यावर डिस्ट्रिब्युटरची जी क्रेडिट नोट (खात्यात जमा होणारी सवलत) येते, तिच्यावर बरेच दुकानदार विसंबून असतात. तीत वाईट काही नाही, पण टार्गेट गाठण्यासाठी शेवटच्या आठवड्यात उचललेले दहा लॅपटॉप पुढचे दोन महिने कपाटावर बसणार असतील, तर ती क्रेडिट नोट व्याजाच्या रूपाने बँकेलाच जाते.

आता तुमच्या तक्त्याकडे वळतो. ९० लाखांच्या मालविक्रीवर ढोबळ नफा चार लाखांच्या आसपास आहे. दुरुस्ती आणि रिफिलिंगच्या सात लाखांतून सुटे भाग, टोनरची पावडर, ड्रम वगैरेचे दोन लाख वजा केले तर पाच लाख उरतात. भाडे, दोन्ही मुलांचा पगार आणि वीज मिळून पाच लाख जातात, व्याजाचे एक लाख वीस हजार जातात, आणि तुमच्या घरात दोन लाख ऐंशी हजार येतात. तुमचे घर सात लाखांवर चालते, ९० लाखांवर नाही. गंमत अशी की दर्शनी भाग, पाटी, दिवे, बँकेची मर्यादा आणि तुमची सकाळ ते संध्याकाळ ही सगळी ९० लाखांच्या दिमतीला आहेत, आणि सात लाखांचे काम मागच्या खोलीत एका टेबलावर, सोल्डरिंगच्या धुरात, जमेल तेव्हा होते.

टीव्ही आणि मोबाइलबद्दल बोलायचे तर तुमच्या आधी हा प्रयोग फार मोठ्या पैशावर होऊन गेलेला आहे. अमेरिकेत गेटवे नावाची संगणक कंपनी होती. १९८५ मध्ये आयोवा राज्यातल्या एका शेतघरात ती सुरू झाली आणि गाईच्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची खोकी ही तिची ओळख होती. संगणकावरचे मार्जिन आटू लागले तेव्हा तिने नेमके तुमच्या मनात आहे तेच केले. आपली दुकाने होतीच, त्यांत २००२ च्या अखेरीस ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही २,९९९ डॉलरला लावला, मग डिजिटल कॅमेरे आणि इतर घरगुती इलेक्ट्रॉनिक्स आणले. टीव्ही खपले, पण टीव्हीचेही भाव संगणकाच्याच वाटेने आणि त्याहून वेगाने घसरले, कारण तो मालही दुसऱ्याने बनवलेला, शेजारच्या दुकानात तसाच मिळणारा आणि दर सहा महिन्यांनी जुना होणारा होता. २००४ मध्ये कंपनीने उरलेली १८८ दुकाने बंद केली आणि २००७ मध्ये ती ७१ कोटी डॉलरला एसरला विकली गेली. एका पातळ मार्जिनच्या मालाशेजारी दुसरा पातळ मार्जिनचा माल ठेवल्याने गेटवेची जोखीम वाटली गेली नाही, दुप्पट झाली. तुमच्याकडे १५ लाखांचे वाढीव व्याज वर्षाला एक लाख ऐंशी हजार येईल. टीव्हीवर पाच टक्के सुटले असे उदारपणे धरले तरी केवळ ते व्याज भरण्यासाठी ३६ लाखांचे टीव्ही विकावे लागतील, आणि तेही ज्यांच्याकडे शून्य टक्के हप्त्याची सोय आहे अशा मोठ्या शोरूमच्या शेजारी बसून.

उलट बाजूचे उदाहरण आयबीएमचे आहे. १९९३ मध्ये सुमारे आठ अब्ज डॉलरच्या तोट्यात असलेल्या या कंपनीची सूत्रे लू गर्स्टनर यांनी घेतली आणि यंत्र विकून झाल्यावर ग्राहकाला जे लागते, म्हणजे ते बसवणे, एकमेकांशी जोडणे, चालू ठेवणे आणि बिघडल्यावर रात्री उठून दुरुस्त करणे, त्यावर भर दिला. पुढे २००५ मध्ये तिने आपला पर्सनल कॉम्प्युटरचा विभाग लेनोव्होला देऊनही टाकला. आपल्या अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून निघालेल्या विप्रोनेही संगणक बनवणे थांबवण्याचा निर्णय २०१३ मध्ये घेतला, तोवर तिचा मुख्य धंदा सेवेचा झालेला होता. या कंपन्यांशी तुमच्या दुकानाची तुलना करण्यात अर्थ नाही, पण एक गोष्ट जशीच्या तशी लागू पडते : त्यांनी नवे गिऱ्हाईक शोधण्याआधी जुन्या गिऱ्हाइकाच्या गरजा मोजल्या.

सीसीटीव्हीबद्दल माझे उत्तर 'हो, पण दुकानात पाटी लावून नाही' असे आहे. प्रत्येक गल्लीतला वायरमन आज कॅमेरे बसवतो आणि चार कॅमेऱ्यांच्या सेटवर तुम्ही त्याच्याशी भावात लढू शकणार नाही. ज्या संस्थेचे नेटवर्क तुम्हीच पाहता तिथे मात्र कॅमेरा हा नेटवर्कवरचा आणखी एक नग असतो, आणि 'डीव्हीआरवर (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) दिसते पण मोबाइलवर दिसत नाही' ही तक्रार वायरमनच्या आवाक्याबाहेरची असते. एक सावधगिरी घ्या. ९ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या सक्तीच्या नोंदणी आदेशाखाली सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचणी बंधनकारक झाली आहे, त्यामुळे कोणी जुना साठा निम्म्या दराने देऊ केला तर बिल आणि प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय घेऊ नका. सरकारी किंवा निमसरकारी कामात तो माल अडेल.

सोलर मात्र सोडा. यूपीएस आणि इन्व्हर्टर ओळखीचे असल्याने ते जवळचे वाटते, प्रत्यक्षात ते छत, लोखंडी सांगाडा, महावितरणची नेट मीटरची परवानगी आणि अनुदानाची वाट पाहणे असे वेगळेच काम आहे. त्यात तुमचे जुने गिऱ्हाईक किंवा जुने कौशल्य यांपैकी फारसे काही कामी येत नाही.

मग काय जोडायचे? तुमच्या बिलबुकातून गेल्या तीन वर्षांत दोनपेक्षा जास्त वेळा आलेल्या गिऱ्हाइकांची यादी काढा. त्यात मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडत पेढ्या असतील, मिरजेतले दवाखाने आणि तपासणी प्रयोगशाळा असतील, कुपवाड एमआयडीसीतले लहान कारखाने, कोल्ड स्टोरेज, वजनकाटे, पतसंस्था आणि सीए-वकिलांची कार्यालये असतील. या प्रत्येकाकडे पाच ते चाळीस मशीन आहेत, आणि ती विकत घेताना जे गिऱ्हाईक पाचशे रुपयांसाठी तुमच्याशी घासाघीस करते, तेच ऐन सौद्याच्या दिवशी बिलिंगचा संगणक बंद पडला की भाव विचारत नाही. वार्षिक देखभालीचा करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, तो त्या दिवसाची किंमत आधी ठरवून घेण्याचा मार्ग आहे. उदाहरणादाखल, एका तंत्रज्ञाचा पगार महिना १५,००० आणि पेट्रोल ३,००० धरले तर वर्षाला २ लाख १६ हजार होतात. त्याने १५० मशीन सांभाळल्या आणि मशीनमागे वर्षाला २,००० रुपये मिळाले, तर तीन लाख येतात. ८४,००० रुपये उरले, आणि त्यासाठी एक रुपयाचा माल कपाटावर ठेवावा लागला नाही. आकडे तुमच्या अनुभवाप्रमाणे बदला, पण करारात सुटे भाग धरू नका आणि किती तासांत माणूस येईल ते लिहून द्या. 'लगेच येतो' असे फोनवर सांगण्याची जी आपली सवय आहे, तिने या धंद्याचे जितके नुकसान केले तितके ऑनलाइन कंपन्यांनी केलेले नाही.

छपाईकडे तर तुम्ही दुर्लक्षच केले आहे. एचपीसारख्या कंपनीला संगणकांवर सहा टक्क्यांच्या आसपास नफा होतो आणि छपाईच्या विभागात अठरा-एकोणीस, आणि तो मुख्यतः शाई-टोनरमधून येतो. आपल्याकडे आजही वकिलाच्या किंवा सीएच्या कार्यालयात गेले तर कोपऱ्यात तो जुना १०२० लेझरजेट घरघरत असतो. त्याचे १२-ए कार्ट्रिज कंपनीच्या मोजमापाने २,००० पाने देते, आणि तुमच्या दुकानातला मुलगा तेच कार्ट्रिज पाच-सहा वेळा भरून देतो. दर वेळी रिफिलचे सुटे पैसे घेण्याऐवजी ज्या कार्यालयांत महिन्याला चार-पाच हजार पाने निघतात त्यांना प्रिंटर तुमच्याच मालकीचा ठेवून पानामागे दर ठरवून द्या. दर महिन्याला मीटर वाचायचा आणि बिल करायचे. यात प्रिंटरची किंमत आधी अडकते हे खरे, पण तो पैसा दर महिन्याला थोडा थोडा परत येतो, आणि मुख्य म्हणजे त्या कार्यालयात दुसऱ्या रिफिलवाल्याचा पाय पडत नाही. चार-पाच कार्यालयांपासून सुरुवात करा, कारण फिकट छपाई आणि अडकलेला कागद यांच्या तक्रारी किती येतात हे कळल्याशिवाय दर बरोबर ठरत नाही.

यूपीएसच्या बॅटऱ्यांचे काम बारीक दिसते म्हणून कोणी नीट करत नाही. लहान यूपीएसमध्ये बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत बसते. तुम्ही विकलेल्या प्रत्येक यूपीएसवर तारीख लिहिलेले चिकटपत्र लावले आणि अडीच वर्षांनी तुमच्याच दुकानातल्या मुलाने फोन केला, तर ती बॅटरी दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही.

आणि एक काम असे आहे की ते सांगलीतच जास्त खपेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे मी बसलो असताना एक व्यापारी भाताच्या पिशवीत गुंडाळलेला सीपीयू घेऊन आला. मशीन गेले तरी चालेल, आतला टॅलीतला हिशेब काढून द्या, एवढेच तो म्हणत होता. दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क काढून उजेडात धरली आणि तिच्या झाकणावरचे टाचणीच्या टोकाएवढे छिद्र मला दाखवले. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले असते आणि शेजारी 'हे छिद्र झाकू नका' अशी सूचना छापलेली असते. त्याच छिद्रातून गाळाचे पाणी आत गेले होते, आणि घरी दोनदा बटण दाबून पाहिल्याने तबकडीवर ओरखडे पडले होते. पाच वर्षांची येणी-देणी त्या छिद्रातून गेली. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, तरी गणपती पेठ आणि मारुती चौक परिसरातल्या कितीतरी पेढ्यांची हिशेबाची प्रत आजही त्याच टेबलावरच्या पेनड्राइव्हमध्ये असते. रोज रात्री आपोआप प्रत घेणे, एक प्रत पुराच्या पाण्याबाहेर किंवा क्लाउडवर ठेवणे आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत उघडून दाखवणे, अशी सेवा महिन्याच्या दराने द्या. उघडून दाखवणे हे यातले खरे काम आहे, कारण न तपासलेली प्रत बहुधा गरजेच्या दिवशीच उघडत नाही. तुमच्या इंजिनिअर मुलाला काउंटरवर लॅपटॉप दाखवायला बसवू नका, हे काम आणि नेटवर्कचे काम त्याच्याकडे द्या.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, ही तुमच्यासाठी मोठी संधी आहे आणि तितकीच मोठी परीक्षाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधीच्या मशीनवर ती अधिकृतपणे बसत नाही. अशा वेळी 'सगळी बदला' असे सांगण्याचा मोह होईल. त्याऐवजी संस्थेत जाऊन यादी करा : कोणती मशीन एसएसडी आणि रॅम घालून विंडोज ११ वर जाईल, कोणती नुसत्या कामापुरत्या लिनक्सवर चालेल, कोणती खरोखर बदलावी लागेल. या तपासणीचे पैसे घ्या आणि अहवाल लेखी द्या. ज्याने चाळीसपैकी बावीसच बदला असे लिहून दिले, त्याला त्या बावीस मशीनच्या भावात कोणी फार छळत नाही. रॅमचा भाव मात्र त्याच दिवशी विचारून घ्या आणि कोटेशनवर मुदत लिहा. एआयच्या डेटा सेंटरांसाठी चिप कंपन्यांनी उत्पादन वळवल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की महिन्यापूर्वीचे कोटेशन पाळणारे दुकानदार पदरचे घालून बसले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला किरकोळ बाजारातला ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले.

राहिली उधारी. तुमच्या तक्त्यात शाळा आणि संस्थांकडे चार लाख अडकलेले दिसतात, म्हणजे कॅश क्रेडिटमधला जवळजवळ निम्मा पैसा तुम्ही त्यांच्यासाठी व्याजाने काढला आहे. इथे एक बारकावा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, पण ती अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच, विलंबित वसुलीचे हे संरक्षण त्यांना मिळत नाही. सेवा पुरवठादाराला मात्र ते मिळते. म्हणून देखभाल, प्रिंटिंग आणि बॅकअप यांचे काम सुरू करताना उद्यम नोंदणीत सेवेचा उल्लेख करून घ्या, सेवेचे बिल मालाच्या बिलात न मिसळता वेगळे काढा आणि हे सर्व एकदा तुमच्या सीएंना दाखवा.

बँकेच्या पंधरा लाखांपैकी मला दिसते त्याप्रमाणे तीन लाखांच्या वर तुम्हाला लागणार नाहीत : काही प्रिंटर, एक बरे सोल्डरिंग स्टेशन, चाचणीची साधने, एक जुनी दुचाकी आणि बॅकअपसाठी थोडी साठवण. लॅपटॉप विकणे बंद करू नका, कारण नवे गिऱ्हाईक त्याच दारातून आत येते. पण साठा निम्म्यावर आणा, तीन-चार मॉडेल दाखवायला ठेवा आणि बाकीचे आगाऊ रक्कम घेऊन मागवा. साठ दिवसांहून जुना माल दर महिन्याच्या पाच तारखेला खरेदीच्या भावात काढून टाकायचा असा नियम घरात सर्वांसमोर करा. तो मोडण्याचा पहिला मोह तुम्हालाच होणार आहे.

प्रश्न : मी कऱ्हाडला नवीन लॅपटॉप विकतो. पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप आणून विकले तर नगामागे तीन-चार हजार सुटतात असे मित्र सांगतात. यात अडचण काय?
एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : पैसे सुटतात हे खरे आहे, आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या गावात गिऱ्हाईकही आहे. कराच्या बाजूने पाहता, केंद्रीय जीएसटी नियमांतल्या ३२(५) या नियमाप्रमाणे वापरलेल्या मालावर कर पूर्ण किमतीवर न लागता खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. अट अशी की खरेदीवर तुम्ही इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतलेले नसावे आणि मालाचे स्वरूप बदलेल अशी प्रक्रिया केलेली नसावी. १४,००० ला घेतलेला लॅपटॉप १८,००० ला विकला तर कर चार हजारांवर, म्हणजे ७२० रुपये. सरसकट लावला असता तर ३,२४० झाला असता. डिस्क आणि बॅटरी बदलणे कितपत 'किरकोळ प्रक्रिया' ठरते याबद्दल सीएंचे लेखी मत घ्या.

खरी अडचण मालातच आहे. दहाच्या लॉटमध्ये आठ चांगले निघतात आणि उरलेले दोन नफा खातात. लॉट घेताना बॅटरीची शिल्लक क्षमता, बिजागरी, कीबोर्डची प्रत्येक कळ आणि बायॉसला (मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड आहे का, एवढे स्वतः बसून पाहा. पासवर्ड असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी उचलू नका. प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर तोही टाळा, विंडोज ११ चे कारण आधीच्या उत्तरात आलेच आहे. तीन महिन्यांची वॉरंटी द्या आणि तिचा खर्च भावात धरा. जे नग मोडीत निघतील ते भंगारवाल्याला घालू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच जायला हवेत, आणि नूतनीकरणाचे काम तुम्ही मोठ्या प्रमाणावर करणार असाल तर 'रिफर्बिशर' म्हणून नोंदणीही लागते. जुन्या मालकाची माहिती पूर्ण पुसल्याची नोंद प्रत्येक नगामागे ठेवली तर पुढच्या लॉटसाठी कंपनी स्वतः फोन करते, असा माझ्या पाहण्यातला अनुभव आहे.

प्रश्न : विट्यात आम्ही दोघे भाऊ असेंबल्ड संगणक जोडून विकतो. स्वतःचे नाव छापून ब्रँड काढला तर मार्जिन वाढेल का?
दोन भाऊ, विटा

उत्तर : नाव छापल्याने वाढणार नाही. एसरचे संस्थापक स्टॅन शिह यांनी १९९२ च्या सुमारास एक साधी रेघ काढून दाखवली होती, हसऱ्या ओठांसारखी : एका टोकाला सुटे भाग आणि त्यांची रचना, दुसऱ्या टोकाला विक्री, ब्रँड आणि सेवा, आणि खाली मध्यभागी जोडणी. पैसा दोन्ही टोकांना असतो, जोडणीच्या खळग्यात सर्वांत कमी. पहिले टोक परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. दुसऱ्या टोकासाठी जाहिरात, सेवा केंद्रे आणि केंद्राच्या सक्तीच्या नोंदणी आदेशाप्रमाणे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी हा खर्च तुमच्या उलाढालीला झेपणारा नाही.

मात्र तुमच्या गावात यंत्रमाग आहेत, आणि तिथल्या सूत, धूळ आणि विजेच्या चढउतारात साधा संगणक फार दिवस टिकत नाही. धूळ अडवणारी जाळी, पंख्याशिवाय थंड राहणारी लहान मशीन, चांगला एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) आणि दर तीन महिन्यांनी येऊन साफ करून देण्याचा करार, असे एकच मॉडेल फक्त माग आणि सायझिंगवाल्यांसाठी (सुताला खळ लावणाऱ्यांसाठी) करून पाहा. पहिली पाच मशीन ओळखीच्या शेडमध्ये लावा, दिवाळीनंतर उघडून आत किती सूत साचले ते बघा आणि मग पुढच्या वीसचा भाव ठरवा.